दोन बोटे

गणिताचे सर रजेवर असले, की पाचवीचा तास हमखास माझ्या गळ्यात पडतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेची एक पदविका तेवढी पदरात पाडून घेतलेली. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे आमच्या मुख्याध्यापकांची अशी समजूत झाली आहे, की ज्याला तीनशे पाने खोटे लिहिता येते, त्याला पाऊण तास गणित शिकवायला काय हरकत आहे!

गेल्या पावसाळ्यात असाच एक तास माझ्याकडे आला. पुस्तक उघडले, तो धडा निघाला धारकतेचा. लिटर आणि मिलिलिटर. बाहेर पाऊस कोसळत होता, वर्गात अंधारून आले होते, आणि अशा वेळी फळ्यावर उदाहरणे घालणे मला जिवावर आले. म्हणून मी मुलांनाच विचारले, "तुमच्या घरी कोणकोणती मापं आहेत, सांगा बरं!"

हात वर झाले. कुणाकडे दुधाचे अर्ध्या लिटरचे माप होते. कुणाची आजी तांदूळ अजून एका ठरावीक वाटीनेच घेत होती आणि ती वाटी दुसऱ्या कशाला वापरलेली तिला खपत नव्हती. एका मुलीने खोकल्याच्या औषधाचे झाकण सांगितले, आणि त्यावर पाच आणि दहाच्या रेघा असतात, हेही सांगितले. मी खूश होऊन तिला शाबासकी देत होतो, इतक्यात शेवटच्या बाकावरचा एक किडकिडीत मुलगा उभा राहिला. वर्षभरात हा पोरगा आपण होऊन बोलल्याचे मला आठवत नव्हते.

"सर, क्वार्टर एकशे ऐंशीची असते."

सगळा वर्ग खो खो हसला. तो मात्र हसला नाही. जरा थांबून म्हणाला, "आणि चार क्वार्टरचा एक खंबा होत नाही, सर. तीस मिली कमी पडतात."

मी खडू हातात घेतला आणि फळ्यावर हिशेब मांडला. एकशे ऐंशी चोक सातशे वीस. खंबा म्हणजे भरली बाटली, ती साडेसातशेची. तीस कमी! नावाला चौथाई, पण खरी चौथाई व्हायला साडेसात मिलिलिटर उणी. हे गणित त्या पोराने कुठल्या पुस्तकातून शिकलेले नव्हते, हे उघड होते. रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत पाणी भरून पाहिल्याशिवाय दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे कळायचे नाही.

"हसू नका," मी म्हणालो, "त्याचं उत्तर अगदी बरोबर आहे."

आणि तास संपेपर्यंत मला दुसरे काही सुचले नाही. कारण त्या मुलाच्या जागी मला मी दिसत होतो; फरक इतकाच, की त्याला जे दहाव्या वर्षी ठाऊक होते, ते मला तिसाव्या वर्षीही ठाऊक नव्हते, आणि त्यापायी मी एकदा माझ्या वडिलांचा जीव धोक्यात घातला होता.

दिवाळीच्या अंकात हा कसला विषय काढलात, असे एखादी वाचक भगिनी म्हणेल. चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांगायचे सोडून हे काय! पण भाजणीसारखीच हीही प्रमाणाचीच गोष्ट आहे. आणि ज्या घरांत दिवाळीच्या चार दिवसांत फराळाच्या ताटाबरोबर आणखी एक ताट गच्चीवर गुपचूप जाते, अशी घरे आता काही थोडीथोडकी राहिलेली नाहीत. तेव्हा जे घराघरांत आहे, ते एकदा उघड्यावर मांडून पाहिलेले बरे.

मोजण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसे तशी मोठी दिलदार. चिमूटभर मीठ, मूठभर दाणे, ओंजळभर फुले, पसाभर धान्य, घोटभर चहा; आपली सारी मापे अशी आपल्याच देहाची. शेर गेला, पावशेर गेला. १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला आणि बाजारातून ती वजने हळूहळू नाहीशी झाली. पण गंमत अशी, की पावशेर आणि त्याच्या निम्म्याचे नवटाक हे दोन शब्द जे तग धरून राहिले, ते दारूच्या गुत्त्यात. धान्याच्या दुकानात नवटाक मागणारा आता कुणी भेटणार नाही. पण ‘नवटाक मारून आलाय’ म्हटल्यावर माणसे अजून ओळखीचे हसतात. माप गेले आणि झोकांडी उरली.

आणि गडकऱ्यांच्या त्या नाटकाचे नाव पाहा. ‘एकच प्याला’! १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरातच, ते रंगभूमीवर आले. तेव्हापासून सुधाकराच्या आणि सिंधूच्या दुःखाने महाराष्ट्र रडत आला आहे. पण शंभर वर्षांत ‘एकच’ या शब्दावर जितके बोलले गेले, तितके ‘प्याला’ या शब्दावर बोलले गेले नाही. एकच खरा, पण केवढा? हा प्रश्न मला सुचला, तो नाटक पाहून नव्हे. एका इस्पितळाच्या जिन्यात सुचला. ती हकिकत आता सांगतो.

माझे वडील, म्हणजे अण्णा, तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आजच्या मुलांना कंपाउंडर म्हणजे काय ते सांगावे लागेल. त्या काळी औषध पुड्यांत आणि बाटल्यांत मिळे. रोगी घरून बाटली धुऊन आणी. अण्णा तीत तांबडे किंवा पिवळे मिक्श्चर भरीत, आणि मग कागदाची एक पट्टी दुमडून कात्रीने अशी कातरीत, की उलगडली की तिला सारख्या अंतरावर दातरे पडलेले असावेत. ती पट्टी खळीने बाटलीला उभी चिकटवायची. एक दातरा म्हणजे एक डोस. ज्याला अक्षरओळख नाही, त्या म्हातारीलाही आज किती प्यायचे आणि उद्या किती, हे त्या पट्टीवरून कळे. मी लहानपणी दवाखान्यात जाऊन त्यांचे हे काम तासन् तास बघत असे. औंस ग्लास ते कधी वरून पाहून भरीत नसत. तो टेबलावर ठेवून स्वतः गुडघ्यांत वाकत, डोळा रेघेच्या पातळीवर आणीत, आणि मग थेंब थेंब ओतीत. "वरून बघणारा स्वतःला फसवतो," असे ते मला सांगत.

असा हा मोजमापाचा माणूस संध्याकाळी घरी आला, की मात्र त्याचे माप बदलत असे. आमच्या माजघराच्या फडताळात, देव्हाऱ्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला, एक बाटली असे आणि जवळ एक काचेचा ग्लास, बुटका आणि रुंद, त्यावर निळी फुले. अण्णा ग्लासाला बाहेरून दोन बोटे आडवी लावीत आणि त्या उंचीपर्यंत ओतीत. "दोन बोटं," ते म्हणत, "दोन बोटांनी कुणाचं काय बिघडतं?" त्यांनी कधी आवाज चढवला नाही, आईवर हात उगारला नाही, रस्त्यात पडले नाहीत, पगार उडवला नाही. ग्लास संपला की ते जुनी नाट्यपदे गुणगुणत, आणि तेवढ्यापुरता त्यांना स्वर्गही दोन बोटेच उरत असे. दारुडा म्हणजे तळीराम; आणि तळीराम तर आमच्या घरात कुठेच नव्हता. मग ज्याला नावच नाही, ते मोजायचे कुणी आणि कशाला?

२०११ सालच्या हिवाळ्यात अण्णांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले. ऑपरेशन साधे, चार दिवसांत घरी, असे सगळ्यांनी सांगितले. भूल देणारी डॉक्टरीण तरुण होती. हातात कागद घेऊन ती एकेक प्रश्न विचारू लागली. मधुमेह? नाही. दमा? नाही. तंबाखू? नाही.

"दारू घेतात का? किती?"

अण्णांनी छताकडे पाहिले. आईने जमिनीकडे पाहिले. खोलीत शेजारच्या खाटेवरच्या रोग्याचे नातेवाईक होते, आणि त्यांतला एक माझ्या शाळेतल्या मुलाचा बाप होता. मी म्हणालो, "कधीतरी. थोडीशी."

तिने कागदावर काहीतरी लिहिले आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. ‘थोडीशी’! मराठी भाषेत इतका सोयीचा शब्द दुसरा नसेल. तो खोटाही नाही आणि खराही नाही.

ऑपरेशन चांगले झाले. दुसऱ्या दिवशी अण्णांचे हात थरथरू लागले. आम्ही म्हटले, अशक्तपणा. तिसऱ्या रात्री त्यांना घाम सुटला, डोळे लाल झाले, आणि ते पांघरुणावरच्या मुंग्या वेचू लागले. पांघरुणावर एकही मुंगी नव्हती. मग ते उठून बसले आणि हवेतच त्यांचे काम सुरू झाले. डाव्या हातात न दिसणारी बाटली, उजव्या हातात न दिसणारी कात्री. पट्टी दुमडावी, कातरावी, चिकटवावी. "बाटली धुऊन आणलीत का?" असे ते ज्या बाईंना विचारीत होते, त्या बाई वारून वीस वर्षे झाली होती. सलाइनची नळी त्यांनी ओढून काढली. मला त्यांनी ओळखले नाही. "नंबरानं या," एवढेच म्हणाले.

भूल देणारी डॉक्टरीणच धावत आली. तिने त्यांची नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि मला जिन्यात बाहेर बोलावले.

"खरं सांगा. रोज घेतात ना?"

"हो."

"किती?"

"दोन पेग."

"केवढे?"

मी गप्प उभा राहिलो. तीस वर्षे तो ग्लास मी पाहिला होता. त्याच्यावरची निळी फुले मी डोळे मिटून काढू शकलो असतो. पण त्यात किती मावते, हे मला ठाऊक नव्हते.

ती चिडली नाही, आणि तेच मला अधिक लागले. तिने मला दोन वाक्यांत समजावले, की वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, की मेंदू असा उसळतो. आणि ही अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते, आणि वेळीच आवरली नाही तर माणूस दगावतोसुद्धा. आधी कळले असते, तर पहिल्याच दिवशी औषध सुरू करता आले असते. "औषध मी आत्ताच देतेय," ती म्हणाली, "पण मला आकडा हवा. घरी जा आणि मोजून या."

रात्री अकरा वाजता मी आईला घेऊन घरी आलो. फडताळातून तो ग्लास काढला आणि अण्णांच्या ट्रंकेतून त्यांचा दवाखान्यातला औंस ग्लास काढला. निळ्या फुलांच्या ग्लासाला मी माझी दोन बोटे लावली. आई म्हणाली, "तुझी बोटं बारीक आहेत."

मग तिने तांब्यातले पाणी घेतले आणि स्वतः ओतले. हात न थांबवता, न चाचरता. एका ठिकाणी आली आणि थांबली. "इथपर्यंत," ती म्हणाली. त्या रेघेवर कुठली खूण नव्हती. पण तीस वर्षे ती चुलीपाशी बसून ती रेघ बघत आली होती.

मी ते पाणी औंस ग्लासात ओतले. औंस ग्लास टेबलावर ठेवला, गुडघ्यांत वाकलो, डोळा पातळीवर आणला. तीन औंस, आणि वर दोन ड्राम. औंस म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस मिलिलिटर. म्हणजे एका ग्लासात ब्याण्णव.

"असे दोन?" मी विचारले.

"दोन," आई म्हणाली, "आणि पानावर बसायच्या आधी अर्धा."

दोनशे तीस मिलिलिटर. लहान पेग तीसचा. मी रद्दीच्या कागदावर भागाकार केला. पावणेआठ पेग. रोज!

"तीन दिवसांनी बाटली संपते, हे मला माहीत होतं रे," आई म्हणाली, "पण कुणी विचारलं नाही."

मी तो आकडा घेऊन परत गेलो. अण्णांना उतार पडायला आणखी चार दिवस लागले. त्या काळात मेंदू शांत करणारी औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने चालू होती. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारून चहा मागितला, तेव्हा मी जिन्यात जाऊन उभा राहिलो आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आलो.

त्या डॉक्टरीणबाईंनी मला पुढे जे शिकवले, ते प्रत्येक शाळेत शिकवण्यासारखे आहे. त्या म्हणाल्या, ग्लास मोजू नका, बाटल्या मोजू नका. आतला मद्यार्क मोजा. तो मोजायला तीन आकडे लागतात. किती मिलिलिटर प्यालात, बाटलीवर किती टक्के लिहिले आहेत, आणि मद्यार्क पाण्यापेक्षा हलका, एका मिलिलिटरला ०.७८९ ग्रॅम, म्हणून शेवटी त्याने गुणायचे. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा एक विचित्र आकडा असतो. तोही जुन्या इंग्रजी मापाचा वंशज. त्यांच्या ‘प्रूफ’ दारूत ५७.१ टक्के मद्यार्क, आणि आपली तिच्या पाऊणपट. आता तीस मिलिलिटरचे गणित करा. उत्तर येते दहा ग्रॅम, जवळजवळ नेमके. जागतिक आरोग्य संघटना ज्याला एक प्रमाणित पेय मानते, तेही दहा ग्रॅमचेच. म्हणजे आपला लहान पेग हे एक चोख माप आहे. फक्त तो तीसचा असला पाहिजे. बारमध्ये डमरूच्या आकाराचे जे स्टीलचे माप असते, त्याची एक बाजू तीसची आणि दुसरी साठची. घरी डमरू नसतो. घरी बोटे असतात, आणि ज्याचा हात सढळ तो यजमान चांगला, अशी आपली रीत असते!

देशोदेशी ही मापेही एक नाहीत. ब्रिटनमध्ये एक एकक आठ ग्रॅमचे, ऑस्ट्रेलियात दहाचे, अमेरिकेत चौदाचे. म्हणून परदेशातून आलेला भाचा ‘आम्ही तिकडे दोनच घेतो’ म्हणाला, तर त्याला ग्रॅम विचारावेत.

भाच्यावरून आठवले. माझा एक भाचा इथलाच आहे, चांगला नोकरीवाला. तो गेल्या वर्षी म्हणाला, "मामा, मी दारू पीत नाही. बियर घेतो, तीही एकच." मी त्याच्याकडून बाटलीवरचे आकडे वाचून घेतले. साडेसहाशे मिलिलिटर आणि आठ टक्के. मग त्यालाच कागद-पेन्सिल दिली. बावन्न मिलिलिटर मद्यार्क, ग्रॅम एकेचाळीस. म्हणजे चार लहान पेग! पाच टक्क्यांची सौम्य बाटली घेतली, तरी अडीच पेग होतात. पोरगा कागदाकडे बघत राहिला. त्याला मी पुढचेही सांगितले. यकृत हे सारे सावकाश जाळते. ताशी साधारण एक लहान पेग, याहून फार घाई ते करीत नाही. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, यांपैकी कशानेही त्याची चाल वाढत नाही. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची रेघ आहे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची. एक कडक बाटली घेऊन लगेच मोटारसायकलला किक मारणाऱ्याने ती रेघ केव्हाच मागे टाकलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. पण दंडाचे सोडा. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाने तर एकही बाटली घेतलेली नसते.

आपल्या राज्याचा इतिहास तर मोठा मजेदार आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकात आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो. परवाना काढायचा प्रकृतीच्या कारणासाठी! प्रकृतीची ही सबब अण्णाही देत. झोप लागते, भूक लागते, सर्दी होत नाही. मीही बरीच वर्षे ऐकत आलो होतो, की थोडी घेतलेली हृदयाला चांगली. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगून टाकले, की प्रकृतीला निर्धोक असे दारूचे कुठलेही प्रमाण नाही. कर्करोगाच्या कारणांच्या पहिल्या गटात तर तिचे नाव १९८८ पासूनच आहे. म्हणजे तीस मिलिलिटर हे माप आहे, परवानगी नव्हे. हा फरक मला उशिरा कळला.

अण्णांचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. घरी आल्यावर मी त्यांना तो रद्दीचा कागद दाखवला. कंपाउंडरला आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "साऱ्या तालुक्याच्या बाटल्यांना मी पट्ट्या लावल्या." पुढचे ते बोलले नाहीत.

कादंबरी असती, तर मी त्यांना इथेच कायमचे सोडवले असते. पण सात महिन्यांनी फडताळात पुन्हा बाटली आली. फरक एवढाच, की तिच्यावर कागदाची कातरलेली पट्टी होती आणि शेजारी निळ्या फुलांच्या ग्लासाऐवजी औंस ग्लास होता. रोज एक दातरा. ते सगळ्यांच्या देखत, वाकून, डोळा पातळीवर आणून मोजीत. डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांच्यासारख्यांना शून्य हेच माप, असे त्या म्हणाल्या. आणि त्यांचेच खरे ठरले. दीड महिन्यात एका दिवसाचे दोन दातरे झाले, दिवाळीत तीन झाले. माप व्यसन सोडवीत नाही. पण एक गोष्ट त्याने केली. पट्टी समोर होती. त्यामुळे तीन दातरे झाले, हे अण्णांनाही दिसले, आईलाही दिसले, आणि ‘थोडीशी’ हा शब्द आमच्या घरातून हद्दपार झाला. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी अण्णा आपण होऊन म्हणाले, "चल, त्या बाईंकडे जाऊ." या वेळी प्रश्नांची उत्तरे त्यांनी स्वतः दिली, औंसांत. औषधे आणि उपचार घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने त्यांनी सोडली. त्यानंतर ते चार वर्षे जगले. ती चार वर्षे आईला मिळाली.

आणि मी? एका साहित्यिक मित्राकडे वर्षातून दोनदा मलाही ग्लास दिला जात असे, आणि मी तो घेत असे. एकदा घरी पाण्याने प्रयोग केला. बुटक्या रुंद ग्लासात डोळ्यांच्या अंदाजाने तीस मिलिलिटर ओतले आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजले. पाच झाकणे भरली, दहा-दहाची! तीस म्हणून पन्नास. चित्रकलेच्या मास्तरचा डोळा, आणि तोही इतका लबाड! वाचकहो, तुमच्या घरी कुणी ‘एकच’ म्हणत असेल, तर भांडू नका, रडू नका. पाणी घ्या, ते झाकण घ्या, आणि त्यांनाच ओतायला सांगा. आणि आकडा मोठा निघाला, तर एकदम तोडायला लावू नका. आधी डॉक्टरांकडे न्या, आणि तिथे खरे सांगा. कितीही माणसे खोलीत असोत.

त्या पावसाळी तासानंतर तो मुलगा दप्तर भरत मागे रेंगाळला. "सर, माझं बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

"मग पोरं का हसली?"

मला उत्तर देता आले नाही. त्याच्या घरी काय आहे, हे मी त्याला तेव्हा विचारले नाही. नंतर सावकाश विचारले, आणि त्याच्या आईशीही बोललो. ती हकिकत त्यांची आहे. इथे सांगायची नाही.

पण दुसऱ्या दिवशी मी घरून अण्णांचा औंस ग्लास आणि प्रयोगशाळेतून एक मोजपात्र वर्गात नेले, आणि त्या मुलाला पुढे बोलावले. म्हटले, "यात एक औंस पाणी भर, मग त्यात ओत, आणि औंसाचे मिलिलिटर किती ते वर्गाला सांग."

त्याने औंस ग्लास टेबलावर ठेवला. बाकीची मुले वरून डोकावत होती. तो मात्र गुडघ्यांत वाकला, डोळा रेघेजवळ आणला आणि थेंब थेंब ओतू लागला. त्याला हे कुणी शिकवले, ते मी विचारले नाही. वर्गात कुणीही हसत नव्हते.